सोनकीचा पिवळा रंग : हौशी छायाचित्रण शिकताना आणि परवडणारे एडिटिंग सॉफ्टवेअर निवडताना

पावसाळ्याच्या अखेरीस कास पठारावर सोनकी फुलते, तेव्हा साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून जाणाऱ्या गाड्यांमध्ये कॅमेरा घेतलेले अनेकजण असतात. त्यांपैकी बहुतेकांचा पहिला अनुभव माझ्यासारखाच असतो. डोळ्यांना सोनकीच्या पाकळीची कड आणि तिच्यावरच्या बारीक रेघा स्पष्ट दिसत होत्या. घरी येऊन संगणकावर फोटो उघडला, तर पाकळीच्या जागी नुसता एक सपाट पिवळा ठिपका होता. सुरुवातीला मला वाटले की कॅमेरा साधा आहे म्हणून असे झाले. मग कोणीतरी सांगितले की महागडे एडिटिंग सॉफ्टवेअर घेतले की सगळे तपशील परत येतात. दोन्ही समज चुकीचे होते. तपशील फोटो टिपतानाच गेला होता, आणि फाइलमध्ये जे उतरलेच नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर, कितीही किमतीचे असले तरी, परत आणू शकत नाही.

म्हणून या लेखात आधी कॅमेरा आणि उजेड येतो, सॉफ्टवेअर नंतर. आपल्या फोटोत नेमके काय बिघडते हे ज्याला कळले, त्याला कोणते सॉफ्टवेअर लागेल हेही कळते, आणि बहुतेक वेळा ते फुकट मिळणारे असते.

कॅमेरा कोणता घ्यावा

पहिले तीन महिने हातात जो कॅमेरा आहे त्याच्यावरच काढावेत, मग तो मोबाइलचा का असेना. अनेक मोबाइलमध्ये ‘प्रो’ नावाचा मोड असतो. त्यात शटरचा वेग, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील असावा तो आकडा) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा तोल) स्वतः ठरवता येतात आणि काही मोबाइल रॉ प्रकारची, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जवळजवळ जशीच्या तशी ठेवणारी डीएनजी फाइलही देतात. एवढ्यावर शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्यानंतर कॅमेरा घ्यायचाच असेल तर जुना, वापरलेला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आणि त्याच्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स ही नवशिक्यासाठी पुरेशी जोडी आहे. मात्र जुना माल घेताना तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पहिली, लेन्स काढून तिच्या मागच्या बाजूने मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आत पाडावा आणि पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आपल्याकडे पावसाळ्यातल्या दमट हवेत ही बुरशी फार लवकर धरते, त्यामुळे स्वतःची लेन्सही जूनपासून पुढे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. दुसरी, लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर, ज्यातून उजेड आत येतो) एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढावा. त्यात काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. धूळ साफ होते, पण त्या निमित्ताने किंमत कमी करून मागता येते. तिसरी, शटर आजवर किती वेळा उघडले आहे तो आकडा विचारावा. गाडीचे किलोमीटर पाहतो तसेच हे.

छिद्र, शटर, आयएसओ : अजिंक्यताऱ्यावरचा एक आठवडा

या तिन्हींची व्याख्या पाठ करून उपयोग होत नाही. एकच चौकट वेगवेगळ्या आकड्यांवर टिपून पाहावी लागते. अजिंक्यतारा यासाठी सोयीचा आहे, कारण गड शहराच्या दक्षिणेला असल्यामुळे वरून उत्तरेकडे पाहिले की सगळे सातारा समोर पसरलेले असते, आणि सकाळी उजवीकडून तर संध्याकाळी डावीकडून उजेड येतो. आडवा येणारा उजेड प्रत्येक छपराला आणि झाडाला सावली देतो, म्हणून चित्राला खोली येते. दुपारी बारा वाजता हीच चौकट टिपून पाहिली की फरक न सांगता कळतो.

छिद्राचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११ असे चढत जातात, आणि प्रत्येक पायरीवर आत येणारा उजेड निम्मा होतो. या एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान, आणि जवळपासून दूरपर्यंत तितके जास्त स्पष्ट. शटरचा वेग १/१२५ सेकंदावरून १/२५० केला की उजेड पुन्हा एक स्टॉपने कमी होतो, आणि आयएसओ १०० वरून २०० केला की कॅमेरा तेवढाच तो भरून काढतो. पहिल्या दिवशी फक्त छिद्र बदलावे, दुसऱ्या दिवशी फक्त शटर, तिसऱ्या दिवशी फक्त आयएसओ, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या दोन गोष्टींनी उजेडाचा हिशेब जुळवावा. आठवड्याभरात हात आपोआप चालू लागतो.

हाताच्या थरथरीसाठी एक जुना ठोकताळा आहे : लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तेवढ्याव्या भागापेक्षा शटर हळू असू नये. लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर लेन्सच्या आकड्याला दीडने गुणावे, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/८० इतका तरी वेग हवा. पण हे फक्त आपल्या हाताबद्दल झाले. कासवर वारा सतत असतो आणि फूल डोलते, म्हणून तिथे मी १/५०० च्या खाली सहसा जात नाही. त्यासाठी आयएसओ ४०० किंवा ८०० करावा लागला तरी हरकत नाही, कारण थोडे दाणेदार चित्र नंतर सुधारता येते, हललेले नाही.

मीटर का फसतो, आणि पिवळा रंग का जातो

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाइतके उजळ धरतो. त्यामुळे पठारावर दाट धुके असेल तर पांढरे धुके त्याला फार उजळ वाटते आणि तो चित्र काळवंडून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) एक स्टॉप वाढवावा लागतो. उलट जांभ्याच्या काळ्या कातळावर एकच पिवळे फूल असेल तर चौकटीचा मोठा भाग काळा असतो, मीटर सगळेच उजळवतो आणि फूल जळते, म्हणजे इतके उजळ होते की त्यातला तपशील जातो.

सोनकीचा माझा ठिपका असाच झाला होता, पण त्यात आणखी एक बारकावा आहे, जो मला पुष्कळ उशिरा कळला. पिवळा रंग म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने भरपूर लाल, बराच हिरवा आणि जवळजवळ शून्य निळा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जो एकच पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात गडद ते उजळ किती आहे हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख, दिसतो त्यात हिरव्याचे वजन साधारण साठ टक्के, लालचे तीस आणि निळ्याचे दहा टक्के असते. आता समजा शून्य ते २५५ च्या मापावर लाल रंग २५५ च्या टोकाला जाऊन भिडला, हिरवा २२० वर आहे आणि निळा २० वर. तिन्हींची वजनाप्रमाणे बेरीज २१० च्या आसपासच येते. पांढरा हिस्टोग्राम उजव्या कडेपासून लांब दिसतो, आपण निर्धास्त राहतो, आणि तोवर लाल रंगातले सगळे चढउतार संपलेले असतात. पाकळीवरची रेघ हिरव्यातून थोडीबहुत दिसेल, पण तिची गोलाई आणि मखमल गेली.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवण्याची सोय असते, ती सुरू करावी आणि पिवळ्या फुलासमोर लाल हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकेनासा होईपर्यंत एक्स्पोजर कमी करत न्यावे. साधारण दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावा लागतो. चित्र पडद्यावर थोडे अंधारे दिसेल. दिसू द्यावे.

आणखी एक सांगतो, कारण ते फोटोपेक्षा महत्त्वाचे आहे. पठारावर जांभ्याच्या कातळावरचा मातीचा थर अगदी पातळ असतो, आणि एक चांगली चौकट मिळावी म्हणून फुलांत गुडघा टेकला तर ती जागा तुडवली जाते. लांब लेन्सने किंवा पायवाटेवर बसून जे मिळेल तेवढेच घ्यावे.

सरावाच्या जागा

लिंब गावाजवळची बारा मोटांची विहीर इ. स. १७१९ ते १७२४ या काळात वीरुबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, वर खुले आकाश आणि आत दगडी कमानींमधला गर्द अंधार : कॅमेऱ्याला एका फोटोत जेवढा उजेड-अंधार पेलता येतो त्याच्या बाहेरचे हे दृश्य आहे. इथे आकाश जळू न देता फोटो घ्यावा आणि अंधार नंतर संगणकावर उघडावा, म्हणजे उजळावा. किंवा कॅमेरा कठड्यावर स्थिर ठेवून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घ्यावेत आणि ते नंतर एकत्र करावेत.

ठोसेघरच्या धबधब्यावर शटर शिकावे. १/१००० वर पाण्याचे थेंब सुटे दिसतात, १/४ सेकंदावर पाणी रेशमासारखे वाहते; त्यासाठी तिपाई आणि ढगाळ दिवस हवा. तुषार लेन्सवर बसतात, म्हणून दर दोन-तीन फोटोंनंतर काच पाहावी.

पालच्या खंडोबाची पौषातली यात्रा ही माणसांचे फोटो शिकण्याची जागा आहे, आणि तिथे पुन्हा पिवळा रंगच समोर येतो. भंडारा हवेत उधळला जात असताना सूर्य समोरच्या बाजूला ठेवला तर प्रत्येक कण उजळतो, पण ही बारीक पूड लेन्सच्या खोबणीत जाते. त्यामुळे यात्रेत लेन्स बदलू नये, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी, आणि घरी आल्यावर काच पुसण्याआधी हवेच्या रबरी पंपाने पूड उडवून लावावी. तशीच पुसली तर चरे पडतात. भक्ताचा चेहरा जवळून टिपायचा असेल तर आधी नजरेने तरी परवानगी घ्यावी.

रॉ फाइल आणि साठवण

जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. विहिरीतला अंधार उघडताना जेपेगमध्ये पट्टे आणि डाग का उमटतात आणि रॉमध्ये दगडाचा पोत का निघतो, याचे मोठे कारण या आकड्यात आहे. बदल्यात जागा लागते : २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे कासवरच्या एका सकाळचे तीनशे फोटो आठ-नऊ जीबी खातात. सुरुवातीला रॉ आणि जेपेग दोन्ही साठवावेत.

माझी एक हार्ड डिस्क एके सकाळी सुरूच झाली नाही आणि सबंध वर्षाचे फोटो गेले, त्यांत घरातल्या एका माणसाचे अखेरचे फोटो होते. तेव्हापासून मी तीन प्रती ठेवतो : एक संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी. सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी दुसऱ्या डिस्कवर करावा, असे माझे ठाम मत आहे.

सॉफ्टवेअर : आधी काम ओळखावे

एडिटिंगची कामे तीन प्रकारची असतात, आणि एकच सॉफ्टवेअर ती तिन्ही उत्तम करील असे नाही. पहिले काम निवडीचे : तीनशेतून वीस काढणे, नावे आणि खुणा देणे. दुसरे रॉ फाइल उकलण्याचे : उजेड, रंग, सावल्या. तिसरे पिक्सेलच्या पातळीवरचे : विजेची तार पुसणे, दोन फोटो जोडणे, थर लावून मजकूर बसवणे. निसर्ग आणि यात्रा टिपणाऱ्याचे बहुतेक काम पहिल्या दोन प्रकारांत संपते. लग्नपत्रिका किंवा बॅनर करणाऱ्याला तिसरा लागतो.

फक्त मोबाइल असेल तर स्नॅपसीड हे अ‍ॅप पुरेसे आहे. ते पूर्ण मोफत आहे, डीएनजी फाइल उघडते, आणि चित्रात बोट ठेवून तेवढ्याच भागाचा उजेड बदलण्याची त्यातली सोय फार उपयोगी आहे. अ‍ॅडोबी कंपनीच्या लाइटरूमची मोबाइल आवृत्तीही मोफत मिळते, पण तिच्यातली काही साधने पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत.

संगणकावर सर्वांत आधी आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचे सॉफ्टवेअर पाहावे : कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ. त्या त्या कॅमेऱ्यासाठी ती मोफत आहेत, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो तसाच रंग त्यांत पहिल्याच क्षणी येतो. पहिल्या सहा महिन्यांना एवढे पुरते.

त्यापुढे मुक्त स्रोताची, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला आहे अशी, चार मोफत नावे लक्षात ठेवावीत. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ फाइल उकलणारी, डिजीकॅम फोटोंची नीट मांडणी करणारे, आणि गिंप पिक्सेलवरचे काम करणारे. गिंपची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, आणि तिच्यात फिल्टर लावल्यानंतरही तो बदलता येतो. मात्र रॉ फाइल गिंप स्वतः उकलत नाही, ते काम डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवते. माझा कल डार्कटेबलकडे आहे, कारण त्यात फोटोच्या ठरावीक भागावर, किंवा फक्त पिवळ्या रंगावर मुखवटा लावून काम करता येते. पहिले दोन आठवडे ते अवघड वाटते, कारण त्यात साधनांची गर्दी आहे. ते दोन आठवडे नेटाने काढावेत.

अ‍ॅफिनिटी हे फोटो आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर पूर्वी एकदाच पैसे देऊन घ्यावे लागे. कॅनव्हा या कंपनीने २०२४ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते मोफत खाते उघडून वापरता येते. थर लावण्याचे काम असणाऱ्याने ते जरूर पाहावे. संगणकात काही बसवायचे नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी आहे, जे फोटोशॉपच्या पीएसडी फाइलही उघडते.

अ‍ॅडोबीची लाइटरूम आणि फोटोशॉप ही उत्तम साधने आहेत, पण ती वर्गणीवर मिळतात. भाड्याच्या घरासारखा हा हिशेब आहे, म्हणून एका महिन्याचा आकडा न पाहता पाच वर्षांची बेरीज करून पाहावी. वर्गणी थांबली की लाइटरूम क्लासिकमधला डेव्हलप विभाग बंद होतो. फोटो आपलेच राहतात, पण पुढचे संस्करण थांबते. ज्याचे पोट छायाचित्रणावर आहे त्याला ही वर्गणी परवडते. हौशी माणसाने ती घ्यावी, असे मला आज तरी वाटत नाही. आणि क्रॅक केलेली प्रत कोणी पेन ड्राइव्हवर देऊ केली तर ती मुळीच घेऊ नये : तिच्यासोबत संगणकात काय शिरते ते कळत नाही, आणि इतकी चांगली साधने मोफत असताना तिची गरजही उरत नाही.

निवड करताना इतरांचे अभिप्राय वाचण्यापेक्षा स्वतःच्या तीन रॉ फाइल घ्याव्यात : एक पिवळे फूल, एक विहिरीचा अंधार, आणि एक रात्रीच्या, साताऱ्यातल्या मोती चौकाचा, जास्त आयएसओवर घेतलेला फोटो. दोन सॉफ्टवेअरमध्ये त्या तिन्ही शेवटपर्यंत न्याव्यात, आणि प्रत्येकाला किती वेळ लागला, संगणक अडकला का, दाणे किती स्वच्छ निघाले ते वहीत लिहावे. आठ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर डार्कटेबल हळू चालते, हे अशा चाचणीतच कळते.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता विहिरीचा फोटो डार्कटेबलमध्ये घेऊ. लाइटटेबल या पहिल्या दालनात नको ते फोटो ‘आर’ या कळीने बाद करावेत आणि बाकीच्यांना एक ते पाच तारे द्यावेत. निवडलेला फोटो डार्करूममध्ये उघडून सर्वांत आधी रॉ फाइलमध्ये कोणता रंग टोकाला गेला आहे हे दाखवणारी खूण सुरू करावी. आकाशाचा तुकडा शाबूत असेल तरच पुढे जावे.

मग कमानीचे खांब उभ्या रेषेत आणावेत आणि चौकट कापावी. त्यानंतर व्हाइट बॅलन्स : सावलीतला दगड निळसर झालेला असतो, त्याला थोडी ऊब द्यावी, पण पिवळा होईपर्यंत नव्हे. एक्स्पोजर वाढवत कमानींतला मध्यम उजेड जागेवर आणावा, आणि आकाश फिके पडू लागले की सिग्मॉइड या साधनाने ते आवरावे. अंधारासाठी टोन इक्वलायझर हे साधन वापरावे. त्यात चित्रातल्या गडद भागावर माऊस नेऊन चाक फिरवले की तेवढ्याच पट्ट्यातला उजेड वाढतो. इथे हात आवरावा लागतो. दगडावरची छिन्नीची खूण दिसू लागली की थांबावे. त्यापुढे गेल्यास विहीर विहिरीसारखी वाटत नाही. शेवटी दाणे कमी करावेत आणि चित्र शंभर टक्के मोठे करून धार तपासावी.

हे सगळे बदल मूळ फाइलमध्ये होत नाहीत. फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल तयार होते आणि तिच्यात सूचना लिहिल्या जातात. म्हणून साठवणीत तिचीही प्रत ठेवावी.

छपाई

फोटो छापल्याशिवाय एडिटिंगची चूक नीट कळत नाही. जेपेग एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगमापात आणि ९० च्या आसपासच्या गुणवत्तेवर काढावा. इंचाला ३०० बिंदू धरले तर ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४००. मोबाइलची चौकट बहुधा ४:३ असते आणि ४ बाय ६ चा कागद ३:२, म्हणून कापायचे ते स्वतः कापून द्यावे, नाहीतर छापताना कोणाचे तरी डोके जाते. स्टुडिओत ‘ऑटो करेक्शन लावू नका’ असे आठवणीने सांगावे.

पहिला छापील फोटो जवळजवळ नेहमीच अंधारा येतो, कारण घरचा पडदा फार उजळ ठेवलेला असतो. तो फोटो दिवसा खिडकीजवळ धरावा, शेजारी संगणकावर तीच फाइल उघडावी आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवत न्यावा. जो आकडा येईल तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवावा, आणि यापुढे एडिटिंगला बसताना पडदा त्याच आकड्यावर ठेवावा.